आमचं कंपाउंड कोरडं झालं आणि मागच्या चाळीत पाणी शिरलं

आमच्या सोसायटीचं कंपाउंड दर पावसाळ्यात भरायचं. कुर्ल्याकडचा सखल भाग, त्यामुळे जुलै लागला की सायलेन्सरपर्यंत पाणी, लिफ्ट बंद, मीटर रूमच्या दारात वाळूची पोती, हे ठरलेलं. मग वर्गणी काढली, भरणी टाकून कंपाउंड दीड फूट वर घेतलं आणि वरून मस्त पेव्हर ब्लॉक बसवले. त्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात खाली डबकंसुद्धा साचलं नाही, सेक्रेटरी काका व्हॉट्सअॅप ग्रुपवर हिरो झाले. आणि दोनच दिवसांनी मागच्या चाळीतली माणसं गेटवर आली, की अहो, आमच्याकडे आजवर पाणी उंबऱ्याला लागून परत जायचं, यंदा घरात घोट्याएवढं आलंय.

म्हणजे आमचं पाणी गायब झालंच नव्हतं, ते शेजारी राहायला गेलं होतं.

मी तेव्हा कमिटीवर होतो आणि भरणीच्या ठरावावर माझीही सही आहे, म्हणून हा विषय डोक्यात बसला. पर्यावरण इंजिनिअरिंगमध्ये ज्याला सिस्टीम थिंकिंग म्हणतात ते ऐकायला फार जड वाटतं, पण त्याचा पहिला प्रश्न एवढाच असतो की, इथून गेलं ते कुठे गेलं? दुसरा प्रश्न, त्यामुळे तिथे काय बदललं? आणि तिसरा, ते बदललेलं फिरून आपल्याकडे कधी येणार? मुंबईच्या गटारांइतकं याचं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, तेव्हा त्यावरूनच बोलू.

गटार केवढं बांधायचं हे ठरवायला इंजिनिअर एक साधा गुणाकार करतात. तासाला किती पाऊस पडेल, किती जागेवर पडेल, आणि पडलेल्यातला किती वाटा वाहत गटाराकडे येईल. हा तिसरा आकडा म्हणजे रनऑफ कोएफिशियंट. पडलेला सगळा पाऊस काही वाहत नाही ना, थोडा मातीत मुरतो, थोडा झाडांवर, गवतात, खड्ड्याखळग्यांत अडकतो. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था, जिचा बराच भाग इंग्रजांच्या काळातला आहे, ती तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि हा कोएफिशियंट ०.५ धरून बांधलेली. म्हणजे अर्धा पाऊस वाहून येईल आणि अर्धा जमीन सांभाळेल, असा हिशोब.

आता एक हेक्टर जागा घ्या, अडीच एकर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, त्यामुळे तासाला २५ मिमी पडला तर एका हेक्टरवर अडीच लाख लिटर पडतं. त्यातलं सव्वा लाख गटारात, उरलेलं सव्वा लाख जमिनीच्या खात्यावर. मग त्या हेक्टरवर बिल्डिंग झाली, पार्किंग झालं, अंगणाचं पेव्हर ब्लॉक झालं. पाऊस तेवढाच, गटारही तेवढंच, त्याला कोणी हात लावला नाही, तरी आता अडीच लाख लिटर धावत येतंय आणि पाइप सव्वा लाखाचा आहे. महापालिका गटार साफ करत नाही म्हणून आपण दरवर्षी बोंबलतो (आणि बऱ्याचदा करतही नाहीत, तो वेगळा विषय), पण इथे गटार अगदी आरशासारखं लख्ख असलं तरी पाणी तुंबणारच, कारण गटार बिघडलेलं नाहीये, गटाराच्या बाहेरचं सगळं बदललंय. तो ०.५ हा आकडा कुठल्यातरी जुन्या फाइलमध्ये बसून राहिला आणि शहराने हळूहळू, एकेका परवानगीने, तो १ च्या जवळ नेला. कोणी एकाने नाही केलं हे. आमच्या सोसायटीने आपल्या वाट्याचं केलं, बस.

१९९३ मध्ये मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावर ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल आला, त्यात सांगितलं की आता तासाला ५० मिमी आणि कोएफिशियंट १ धरा. पाऊस दुप्पट धरला आणि वाहून येणारा वाटाही दुप्पट, म्हणजे गटारांची क्षमता चौपट पाहिजे. चौपट! एवढा खर्च बघून अहवाल बरीच वर्षं कपाटात राहिला आणि त्याला खरी गती मिळाली ती २००५ नंतर.

पण नुसती गटारं मोठी करूनही भागत नाही, कारण मुंबईला समुद्र आहे. पावसाचं पाणी समुद्रात जिथे पडतं त्या तोंडांना पालिकेच्या भाषेत पातमुख म्हणतात (पंपिंग स्टेशनला उदंचन केंद्र म्हणतात, तो शब्द मी पालिकेच्या पाटीशिवाय आयुष्यात कुठे ऐकला नाही). २००५ च्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने अभ्यास केला, त्यातलं एक गणित मी लोकांना नेहमी सांगतो. शहरातली १८६ पातमुखं, त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ सरासरीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली, आणि भरतीच्या वर फक्त ६. म्हणजे भरती आली की १८६ पैकी १८० दारांतून पाणी बाहेर जायचं सोडा, समुद्रच आत बघायला लागतो. भरती दिवसातून दोनदा येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. तर मुंबईची गटारं हा पाइप नसून दिवसातून दोनदा बंद होणारं दार आहे असं समजा, आणि पाऊस काही ओहोटीचं टाइमटेबल बघून पडत नाही.

हे दार आपणच बनवलंय हेही खरं. सात बेटं जोडून शहर झालं, वरळीची खाडी अठराव्या शतकात बांध घालून बंद केली, ज्याला हॉर्नबी व्हेलार्ड म्हणतात. त्याआधी भरतीचं पाणी आत घुसून मधला सगळा सखल भाग दलदल व्हायचा, तो बांधामुळे कोरडा झाला, तिथे वस्ती झाली, गिरण्या झाल्या. काम झकास झालं. फक्त समुद्राला आत येऊ न देणारी भिंत पावसालाही बाहेर जाऊ देत नाही, एवढी एक गोष्ट राहिली. तिथून जवळच आज लव्हग्रोव्हचं पंपिंग स्टेशन आहे, बांधाने अडवलेलं पाणी विजेने उचलून पलीकडे टाकायला.

आता २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी, म्हणजे तीन फुटांच्या वर, मुंबईच्या अख्ख्या पावसाळ्याच्या साधारण चाळीस टक्के पाऊस एका दिवसात, त्यातला बहुतेक दुपारनंतर, एका तासात तर १९० मिमी. गटारं किती मिमीची होती ते वर लिहिलंय. वर दुपारची मोठी भरती. आणि त्याच दिवशी कुलाब्याला किती पडला? ७३ मिमी. कुलाब्यात आणि फोर्टात ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला खिडकीतून नेहमीचा पावसाळा दिसत होता, त्यामुळे लोक नेहमीच्या वेळी निघाले आणि सरळ पुरात चालत गेले. सिस्टीमच्या भाषेत सांगायचं तर माहितीचा प्रवाह तुटला होता. पाऊस मोजणाऱ्या मुख्य वेधशाळा दोन, शहर एवढं लांबलचक, उपनगरात काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. नंतर पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, आणि माझ्या मते २००५ नंतर झालेल्या सगळ्या कामांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणं काम ते होतं, पण त्याचं उद्घाटन वगैरे कोणी लक्षात ठेवत नाही, कारण त्यात काँक्रीट नाही.

मिठी नदीचं तर काय सांगायचं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघते, साकीनाका, कुर्ला, कलिना, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), धारावी करत माहीमच्या खाडीला मिळते, सगळी मिळून १८ किलोमीटरच्या आतबाहेर. वाटेत तिला विमानतळाने काटकोनात वळवलंय, ती धावपट्टीच्या खालून जाते. पुढे बीकेसी उभं राहिलं ती जमीन एके काळची दलदल आणि खारफुटी. काठावर झोपड्या, भंगाराची गोदामं, तबेले. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर समजण्यासारखी आहे, विमानतळ लागतोच, ऑफिसं लागतातच, गरीब माणसाला राहायला जागा लागते. २६ जुलैला विमानतळ तीस तासांहून जास्त बंद होता. ज्या नदीला वळवून धावपट्टी लांब केली त्या नदीचं पाणी धावपट्टीवर.

यापुढचा भाग मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण तिथे पाणी बाजूला राहतं आणि एका गोष्टीमुळे दुसरी कशी पडते ते दिसतं. रुळांवर पाणी आलं, लोकल बंद. लोकल बंद म्हणून सगळे रस्त्यावर, रस्ते जाम. शॉक लागू नये म्हणून उपनगरांतली वीज बंद, ते बरोबरच होतं, पण वीज गेली की मोबाइल नेटवर्क झोपतं, पाण्याचे पंप झोपतात, आणि जी माणसं हे सगळं चालू करायला पोचली पाहिजेत ती जाम झालेल्या रस्त्यात अडकलेली. म्हणजे एका अडचणीने दुसरी मोठी केली आणि दुसरीने परत पहिली. अशा गोल फिरणाऱ्या साखळीला फीडबॅक लूप म्हणतात. हे लूप कायम संकटातच असतात असं नाही, शांतपणे वर्षानुवर्षं पण चालतात. रस्त्यावर डांबराचा थर, दोन वर्षांनी त्यावर अजून एक थर, जुना खरवडायचा कंटाळा, मग रस्ता वर आणि बाजूची घरं खाली. घरवाले भरणी टाकून जोतं उचलतात, मग रस्ता खाली पडतो, त्यात पाणी साचतं, मग परत रस्ता उचला. या चढाओढीत जो भरणीचे पैसे देऊ शकत नाही त्याच्या घरात पाणी. आमची मागची चाळ.

मॅनहोलचंही तसंच. पाणी तुंबलं की झाकण उघडायचं, घों घों करत पाणी उतरतं, पिढ्यानपिढ्यांचा उपाय आहे आणि त्या चौकापुरता कामही करतो. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवीजवळ पाण्यातून चालत घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडले, दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह सापडला. झाकण उघडणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्याच्यासमोर फक्त पाणी होतं, त्या पाण्यातून चालणारा माणूस त्याच्या हिशोबात नव्हता. त्यानंतर झाकणांखाली लोखंडी जाळ्या बसवायला सुरुवात झाली, म्हणजे झाकण निघालं तरी माणूस खाली जाणार नाही आणि पाणी जाईल. ही जाळी, बघा, साधी गोष्ट आहे पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. लोक झाकण उघडणार नाहीत असं ती गृहीत धरत नाही. लोक उघडणारच, मग उघडल्यावर काय, असा तो विचार.

इथूनच रेझिलिअन्सवर, म्हणजे धक्का पचवायच्या ताकदीवर येऊ. हा शब्द हल्ली इतका वापरतात की त्याचा भुगा झालाय. लोक २६ जुलैला छातीएवढ्या पाण्यातून रात्रभर चालत घरी गेले, झोपडीतल्या लोकांनी अनोळखी माणसांना चहा-बिस्किटं दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे मुंबईचं स्पिरिट. त्या माणसांना सलामच आहे, पण ती माणसांची चिवटाई झाली. त्या पुरात मुंबईत चारशेच्या वर लोक गेले. जिथे व्यवस्था फेल जाते तिथली सगळी तूट माणसांनी स्वतःच्या अंगावर घेतली, तर त्याला शहराचं रेझिलिअन्स म्हणणं मला पटत नाही.

१९७३ मध्ये सी. एस. हॉलिंग या कॅनेडियन परिसंस्थाशास्त्रज्ञाने यात एक फरक दाखवला तो उपयोगी आहे. एक प्रकार म्हणजे धक्का बसल्यावर किती पटकन मूळ जागी येतो, रबरासारखं. दुसरा प्रकार म्हणजे किती धक्का पचवून ती व्यवस्था आपलं मूळ काम सोडत नाही, मग आकार बदलला, थोडी इकडची तिकडे झाली तरी चालेल. आपल्याकडे पुरात मोठी झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात हे पोराटोरांनाही माहीत असतं, पण लव्हाळ्याला फक्त स्वतः वाचायचं असतं हो, शहराला वाकलेल्या अवस्थेतसुद्धा दवाखाने चालू ठेवायचे असतात. त्यामुळे इंजिनिअरसाठी प्रश्न असा होतो, की माझ्या डिझाइनच्या पलीकडचा पाऊस पडेल त्या दिवशी काय होईल? पडणारच आहे तो, ५० मिमीची गटारं झाली म्हणून ९० मिमीचा तास यायचा थांबत नाही. ८ जुलै २०२४ ला पहाटेच्या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिमीच्या वर पडलाच की. तर त्या दिवशी जास्तीचं पाणी कुठल्या रस्त्यावर उभं राहू द्यायचं आणि कुठल्या दवाखान्यात, सबस्टेशनात अजिबात नाही, हे आधी ठरवलेलं असलं तर ते रेझिलिअन्स. नाहीतर पाणी ते स्वतः ठरवतं आणि त्याची आवड कायम सखल भागातल्या गरिबांची घरं हीच असते.

आता उपाय म्हणाल तर आपल्या डोक्यात पहिला उपाय येतो पंप. मोठी पंपिंग स्टेशनं झालीत, हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंद. तिथला एकेक पंप सेकंदाला ६ हजार लिटर पाणी फेकतो, राक्षस आहेत अक्षरशः, आणि ते नसते तर काय झालं असतं हा विचारही नको. भरतीच्या वेळी दार बंद करायचं आणि पंपाने पाणी पलीकडे टाकायचं. पण पंपाला वीज लागते, जाळीत अडकलेलं प्लास्टिक काढायला माणूस लागतो, आणि मुख्य म्हणजे तो चालू असावा लागतो. २०२५ चं उदाहरण घ्या. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून, आणि त्या वर्षी तो २६ मे ला आला, सोळा दिवस आधी. काही सखल ठिकाणचे छोटे पंप तोवर कामालाच लागले नव्हते, पालिकेने त्या कंत्राटदारांना दंड केला. दोनच आठवड्यांपूर्वी सुरू झालेलं वरळीचं आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्टेशन पाण्यात गेलं. पंपांच्या क्षमतेत काही खोट नव्हती, पण कॅलेंडर हाही सिस्टीमचा एक पार्ट आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं, आणि सगळ्या कामांच्या डेडलाइन त्या एका ११ जूनवर टांगलेल्या होत्या.

दुसरा उपाय थोडा उलटा आहे आणि मला तो जास्त आवडतो. आपण कायम विचारतो की पाणी लवकरात लवकर बाहेर कसं काढू, त्याऐवजी विचारायचं की सहा तास ते ठेवू कुठे? भरतीकडून ओहोटीकडे जायला साधारण सहा तास लागतात, तेवढा वेळ पाणी कुठेतरी गप्प बसवलं तर ओहोटीला दार आपोआप उघडतं. हिंदमाताला हेच केलंय. तो भाग बशीसारखा, चारी बाजूंनी उतार, पिढ्यानपिढ्या तुंबणारा. तिथे गटारं कितीही वाढवली तरी पुढे समुद्र आडवा, म्हणून दादर-परळ भागात एका उद्यानाखाली आणि एका मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या, तुंबणारं पाणी पंपाने त्यांत टाकायचं आणि भरती उतरली की सोडायचं. पाणी अजूनही साचतं कधीकधी, पण पूर्वीसारखं तासन् तास थांबत नाही.

गंमत अशी की हे शहराकडे फुकटात होतं. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी, नावं बघा. ही सगळी खरीखुरी तळी होती, आता त्या नावांचे बसस्टॉप आहेत. ती बुजवणारे मूर्ख होते असंही नाही, नळाचं पाणी आलं होतं, तळ्यांत डास व्हायचे, मलेरियाने माणसं मरत होती. त्यांनी तळ्याचं एक काम पाहिलं, पिण्याचं पाणी देणं, ते काम संपलं म्हणून तळं संपवलं. तळ्याचं दुसरं काम, पावसाला थांबायला जागा देणं, ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. खारफुटीचं तेच, खाजण जमिनींचं तेच, मोकळ्या मैदानांचं तेच. ज्या कामाचं बिल येत नाही ते काम दिसत नाही. खारफुटीच्या बाबतीत २००५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई हायकोर्टाने तोडीवर बंदी घातली म्हणून निदान काही उरली.

अर्थात टाक्याही जादू नाहीत. टाकी भरलेली असताना दुसरा पाऊस आला तर ती नसल्यासारखीच, म्हणून ती वेळेत रिकामी करणं महत्त्वाचं, आणि त्यातला गाळ कोण काढणार, दहा वर्षांनी बजेट असेल का, हे प्रश्न आहेतच. म्हणून एका मोठ्या उपायापेक्षा दहा छोटे, एकमेकांपेक्षा वेगळ्या कारणाने फेल जाणारे उपाय बरे. वीज गेली तर पंप बंद पडेल पण मैदान बंद पडत नाही, सलग चार दिवस पावसाने मैदान भरून गेलं तर पंप आहे. कागदावर हे डबल खर्चाचं दिसतं आणि ऑडिटवाले विचारतात की दोन्ही कशाला.

आमच्या सोसायटीत गेल्या एजीएममध्ये मी हाच विषय काढला, की निम्मे पेव्हर काढू, मागच्या भिंतीला लागून खड्डा घेऊन खडी-वाळू भरू, गच्चीचं पाणी त्यात सोडू, म्हणजे निदान आपलं पाणी आधी आपल्याकडे थांबेल. दीड तास भांडण झालं. पाण्यावरून नाही, पार्किंगवरून, कारण निम्मे पेव्हर म्हणजे सहा गाड्यांची जागा. एक काकू म्हणाल्या की अहो आपल्याकडे आता पाणी येतच नाही तर खर्च कशाला, आणि खरं सांगतो, त्या क्षणी त्यांना पटेल असं उत्तर मला सुचलं नाही. शेवटी जांभळाच्या झाडाखालची दोन गाड्यांची जागा मिळाली, तीही मी माझी स्वतःची सोडली म्हणून. तिथले ब्लॉक काढलेत, खड्डा झालाय, खडी टाकलीये. चाळीतल्या एका भाऊंना सांगितलंय की यंदा उंबऱ्यावर खडूने पाण्याची रेघ मारून ठेवा, गेल्या वर्षीची रेघ अजून भिंतीवर आहेच.